बागेतली चेरी घरी वाळवताय? दोन पिनांच्या मॉइश्चर मीटरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. बागेतलं छोटं चेरीचं झाड तोडून त्याचं लाकूड चमचे, सुऱ्यांच्या मुठी, छोट्या पेट्या, लेथवरचे बोल (म्हणजे यंत्रावर फिरवून कोरलेले लाकडी वाडगे) असल्या कामांसाठी घरीच वाळवणार असाल तर लाकडातली ओल मोजणारा दोन पिनांचा साधा मॉइश्चर मीटर जरूर घ्या, पाचपैकी साडेतीन स्टार. दीड स्टार कापलाय, त्यातला एक अशासाठी की खोक्यावर जे छापलेलं असतं आणि हा प्रत्यक्षात जे सांगू शकतो त्यात बरंच अंतर आहे, आणि पहिले काही महिने तर हा मीटर ड्रॉवरमध्ये पडून राहिला तरी काही बिघडत नाही, तेव्हा कामाला येतो तो ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा. दोन्हीपैकी एकच घ्यायचं म्हणाल तर मी काटा घ्या म्हणेन. मीटरच्या रिव्ह्यूत हे लिहिणं जरा विचित्र आहे पण आता आहे ते आहे.

कुठल्या एका कंपनीबद्दल लिहीत नाहीये. या वर्गातले बहुतेक मीटर एकाच माळेचे मणी: तळहातात मावणारं प्लॅस्टिकचं खोकं, वरच्या टोकाला दोन टोकदार पिना, त्यावर टोपण, छोटा स्क्रीन, रीडिंग गोठवून ठेवायचं होल्ड बटण, आणि लाकडाचे तीन-चार ग्रुप निवडायची सोय. काहींमध्ये भिंतीच्या प्लास्टरसाठी वेगळा मोड असतो, त्याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. सोबत येणारा कागद म्हणजे नुसता जोक आहे, ढीगभर भाषांमध्ये एकच ओळ की पिना लाकडात टोचा आणि आकडा वाचा. कुठे टोचायच्या, कुठल्या दिशेने, आकडा खरा कधी मानायचा, यातलं काही म्हणजे काही नाही. म्हणून हा एवढा लांब रिव्ह्यू.

हा मोजतो काय ते आधी बघू. थेट पाणी मोजत नाही, दोन पिनांच्या मधलं लाकूड विजेला किती अडवतं ते मोजतो आणि त्यावरून ओलीचा अंदाज बांधतो. कोरडं लाकूड वीज जवळजवळ वाहूच देत नाही, ओल वाढली की वाहू देतं, आणि ७ टक्क्यांपासून २५ टक्क्यांपर्यंत जाताना हा विरोध हजारो पटींनी घटतो, त्यामुळे या पट्ट्यात मीटरला फरक पकडणं सोपं जातं. पण साधारण २८ ते ३० टक्क्यांना लाकडाच्या पेशींच्या भिंती पाणी पिऊन तट्ट झालेल्या असतात, त्याच्या वरचं पाणी पेशींच्या पोकळीत मोकळं असतं, ते कमी-जास्त झालं तरी विरोध फारसा हलत नाही. म्हणजे स्क्रीनवर ४२ येवो की ५५ येवो, दोन्हीचा अर्थ एकच, लाकूड ओलं आहे, आणि ते तर हात लावला तरी कळतं. काही मीटरवर स्केल पार ६०-७० पर्यंत छापलेली असते, तिला भुलून जास्तीचे पैसे टाकू नका.

आणि ही टक्केवारी कशाची यावर बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. पाण्याचं वजन भागिले पूर्ण कोरड्या लाकडाचं वजन, असा हिशोब आहे, ओल्या वजनाशी नाही. म्हणून काही झाडांच्या ताज्या लाकडात ओल १०० टक्क्यांच्याही वर निघते आणि ते बरोबरच असतं. चेरी त्यामानाने बरी, अमेरिकन ब्लॅक चेरीच्या गाभ्याकडच्या ताज्या लाकडाचा छापील आकडा ५८ टक्के आहे. बागेतली चेरी बहुतेक वेळा दुसऱ्याच जातीची असते, गोड फळांची प्रुनस एव्हियम किंवा आंबट फळांची प्रुनस सेरासस नाहीतर नुसती फुलांसाठी लावलेली जपानी, पण अंदाज बांधायला हा आकडा चालून जातो.

आता तोडायचा दिवस. या दिवशी मीटर बाहेर काढूच नका. त्या दिवशीची कामं नीट झाली नाहीत तर पुढे मीटर कितीही अचूक असला तरी तो आकडा फाटलेल्या लाकडाचा असणार आहे.

झाड लहान आहे, बुंधा वीतभर जाडीचा आहे म्हणून सोपं वाटतं पण उंची विसरायची नाही, आणि घर, कुंपण, वायरी जवळ असतील किंवा झाड आधीच एका बाजूला कललेलं असेल तर सरळ जाणकार माणूस बोलवा (कललेल्या झाडाचा बुंधा कापता कापता उभा फाटून अंगावर येऊ शकतो). परवानगी लागते का तेही आधी बघून घ्या. बाकी पद्धत नेहमीचीच, आधी फांद्या उतरवायच्या, प्रत्येक फांदीला खालून थोडा काप देऊन मग वरून कापायचं नाहीतर ती तुटताना खालची साल आणि लाकूड सोलत नेते, मग पडायच्या बाजूला बुंध्याच्या पाव भागाइतकी खाच, मागून त्याच्या जरा वर काप, आणि मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी पट्टी न कापता ठेवायची, झाड त्या बिजागरीवर वळत खाली येतं.

पानगळीनंतर तोडणं उत्तम. कारण मात्र लोक सांगतात ते नाही, थंडीत झाडात पाणी कमी असतं वगैरे, तो फरक असला तरी किरकोळ असतो. खरं कारण हे की हवा थंड असली की लाकूड सावकाश वाळतं, आणि बुरशी-किडे पण सुस्त असतात. फक्त त्याच दमात शेजारच्या जिवंत ठेवायच्या चेरीची किंवा प्लमची छाटणी उरकून घेऊ नका, त्यांची छाटणी उन्हाळ्यात करतात, थंड आणि ओल्या दिवसांत ताज्या जखमेतून सिल्व्हर लीफ या रोगाची बुरशी आत शिरते. आणि पानं असताना तोडायची वेळ आलीच तर पाला उघड्यावर टाकून जाऊ नका, चेरीची पानं कोमेजायला लागली की त्यातून सायनाइड सुटतं, गाय, शेळी, घोडा कुणाच्याही तोंडी लागायला नको.

ओंडके कापताना लांब ठेवायचे. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, चमच्याचं लाकूड हवंय म्हणून चमच्याएवढेच तुकडे करतात आणि मग दोन्ही टोकांच्या भेगा मध्यावर येऊन भेटतात. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांचा जुडगा समजा, टोकाकडून पाणी बाजूपेक्षा दहा ते पंधरा पट वेगाने निघून जातं, टोक आकसतं, आतलं अजून फुगलेलंच, मग टोक फाटणार नाही तर काय करणार. म्हणून दोन्ही बाजूंना चार-चार बोटं तरी जास्तीचं लाकूड ठेवायचं आणि कापल्या कापल्या टोकांना लेप लावायचा, संध्याकाळी लावू, उद्या लावू असं नाही. लेपाला वॅक्स इमल्शन मिळतं, पाण्यात मिसळलेलं पातळ मेण, ब्रशने लावता येतं, ओल्या लाकडावर पण बसतं आणि सुकलं की पारदर्शक होतं. ते नसेल तर वितळवलेलं पॅराफिन चांगलं, जाड थर बसतो. ऑइल पेंट किंवा पांढरा फेव्हिकॉल पण लोक लावतात, दोन-तीन हात द्यावे लागतात आणि तरी मेणाची सर नाही. लेप टोकाच्या कडेवरून दोन बोटं सालीवर पण येऊ द्या. फांदी कापलेल्या जागेच्या गाठीचं तोंड पण टोकच असतं, ते विसरतात सगळे.

एक गंमत, बागेतलं चेरीचं झाड बहुतेक वेळा कलमी असतं. खाली खुंट एका जातीचा, कोल्ट किंवा गिसेला किंवा दुसरा कुठला, आणि वर फळाची जात. जोडाच्या जागी बुंधा फुगीर दिसतो आणि आत तंतू सगळीकडे वळलेले असतात, रंगही दोन्हीकडे वेगळा निघू शकतो. दिसायला फार देखणं, पण फळीसाठी बेभरवशाचं. मी असला तुकडा वेगळाच ठेवते, लेथवर छोटं काहीतरी करायला.

मग पुढचा प्रश्न, ओंडका अख्खा ठेवायचा की चिरायचा. चिरायचा, आणि लवकर चिरायचा. इथे थोडं गणित करते कारण याशिवाय पटत नाही. ब्लॅक चेरीचं लाकूड ताजं असल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने म्हणजे गोलाकार ७.१ टक्के आकसतं, आणि गाभ्यापासून सालीकडे फक्त ३.७ टक्के. बागेतल्या जातींचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील पण जवळपास दुप्पट हा प्रकार तोच. आता २० सेंटीमीटर व्यासाचा अख्खा ओंडका घ्या, परीघ साधारण ६३ सेंटीमीटर. तो १२ टक्क्यांपर्यंत वाळला तर या दोन आकसण्यांतला फरक परिघावर सव्वा सेंटीमीटरच्या आसपास येतो, आणि तेवढी जागा कुठून तरी निघायला हवी. ती भेगेतून निघते. एक मोठी सालीपासून गाभ्यापर्यंत, किंवा चार-पाच छोट्या. लेप लावून, सावलीत ठेवून, लाड करून भेग लांबवता येते, पण अख्ख्या ओंडक्यात ती टाळता येत नाही. गाभ्यातून उभा दुभागला की दोन्ही अर्धे मोकळे होतात, सपाट बाजू थोडी फुगीर होते आणि ताण निघून जातो.

दुभागायला छोट्या ओंडक्यांना करवतीपेक्षा पाचर आणि हातोडा बरा असं माझं मत. फाटताना लाकूड तंतूंच्या रेषेने फाटतं, म्हणजे ओंडक्यात पीळ किती आहे ते पहिल्या घावातच कळतं, आणि फळझाडांच्या चेरीत पीळ भरपूर सापडतो. अर्धा ओंडका जमिनीवर ठेवल्यावर फाटलेली बाजू विमानाच्या पंख्यासारखी वळलेली दिसली तर त्यातून लांब फळ्या काढायचा नाद सोडा, छोटे तुकडे करा. मधला गाभ्याचा पेन्सिलीएवढा भाग काढून टाकायचा. आणि जाड फांद्या बघून जीव जळतो खरा पण आडव्या वाढलेल्या फांद्यांच्या वरच्या अंगाला ताणाचं लाकूड तयार झालेलं असतं, ते वाळताना लांबीतही आकसतं आणि फळी धनुष्यासारखी वाकते. मुठी, बटणं, छोट्या खुंट्या एवढंच त्यातून करा.

बरं आता मीटर कधी काढायचा? अजून नाही.

आता काट्याची पाळी. चिरलेल्या फळीच्या मधून (टोकाकडून नको, टोक आधीच सुकायला लागलेलं असतं) एक जाडसर चकती कापा, लगेच वजन करा. समजा १०८ ग्रॅम आलं. मग ओव्हनमध्ये १०३ अंश सेल्सियसला ठेवा, अधूनमधून काढून वजन करा, दोनदा लागोपाठ तेच वजन आलं की ती पूर्ण कोरडी. समजा ६८ ग्रॅम आली. म्हणजे पाणी होतं ४० ग्रॅम, ४० भागिले ६८, जवळपास ५९ टक्के. हीच प्रयोगशाळेतली पद्धत आहे, यापेक्षा खरा आकडा कुठलाच मीटर देत नाही. तापमान त्याहून वर नेऊ नका, लाकूड करपलं की पाण्याबरोबर लाकडाचं पण वजन जातं आणि हिशोब चुकतो, आणि घरात वास सुटतो तो वेगळाच.

आता मजा पुढे आहे. ज्या फळीतून चकती कापली तिच्या दोन्ही कापलेल्या टोकांना लेप लावून तिचं लगेच वजन करायचं. समजा १५९० ग्रॅम. ओल ५९ टक्के म्हणजे १५९० ला १.५९ ने भागलं की त्यातलं कोरडं लाकूड १००० ग्रॅम. म्हणजे ही फळी १२ टक्क्यांना येईल तेव्हा तिचं वजन ११२० ग्रॅम असणार. तो आकडा फळीवरच मार्करने लिहून ठेवायचा आणि तिला थप्पीच्या मध्यभागी ठेवायचं, अधूनमधून काढून काट्यावर ठेवली की कुठवर आलंय ते समजतं. ५९ पासून ३० पर्यंतचा सगळा प्रवास, ज्यात मीटर आंधळा आहे, तो काटा अगदी स्वच्छ दाखवतो. आणि चेरीचं जे काही बिघडायचं ते याच काळात बिघडतं, सुरुवातीच्या आठवड्यांत वजन फार भराभर उतरत असेल तर थप्पीवर जुनी चादर टाका, वारा कमी करा, अजिबातच उतरत नसेल आणि सालीखाली बुरशी दिसायला लागली तर मोकळं करा. साल काढून टाकणं मी पसंत करते, चेरीची साल चिवट असते आणि पाणी आत धरून ठेवते, शिवाय किड्यांना लपायला जागा. सालीलगतचं फिकट लाकूड किड्यांना आवडतं, त्यातून बारीक भुकटी पडताना दिसली तर तो तुकडा लगेच बाजूला.

थप्पी सावलीत, जमिनीपासून वर, प्रत्येक थरामध्ये एकसारख्या जाडीच्या कोरड्या पट्ट्या एकाखाली एक ओळीत, वर वजन. ऊन नको. यावर जास्त लिहीत नाही, हे सगळ्यांना माहिती असतं. "एका इंचाला एक वर्ष" हा नियम पण सगळ्यांना माहिती असतो आणि तो मी मनावर घेत नाही, हवा, जाडी, वारा, लाकडाची जात सगळं त्यात गुंडाळलंय, पातळ चिरलेली चेरी त्याच्या कितीतरी आधी तयार होऊ शकते.

मीटरची पाळी येते फळी हिशोबाने २५ च्या खाली उतरली की. आणि इथून पुढे मात्र तो मस्त काम करतो, काही गोष्टी पाळल्या तर.

पहिली, पिना कुठे टोचायच्या. पिना सेंटीमीटरभरही आत जात नाहीत, म्हणजे जाड तुकड्यात हा फक्त वरचा थर वाचतो आणि वरचा थर सगळ्यात आधी वाळलेला असतो. माझ्याकडच्या एका जाड अर्ध्या ओंडक्यावर बाहेरून १३ दाखवत होता, तोच मध्ये आडवा कापून लगेच कापाच्या मधोमध टोचला तर २१. बाहेरचा आकडा धरून त्याचा बोल कोरला असता तर तो हातातच वाकडा झाला असता. त्यामुळे थप्पीत एक बळीचा तुकडा ठेवाच, बाकीच्यांसारखाच जाड, आणि मोजायचं असेल तेव्हा त्याचं टोक नाही तर मधला भाग कापून ताज्या कापावर मोजा. लगेच म्हणजे लगेच, चहा पिऊन येईपर्यंत कापाचा पृष्ठभाग सुकायला लागतो. हातोडीवाले मीटर मिळतात ज्यांच्या लांब पिना टोक सोडून बाकी इन्सुलेट केलेल्या असतात, ते कापल्याशिवाय आतलं वाचतात, पण छोट्या झाडाच्या मूठभर लाकडासाठी एवढा खर्च मला पटत नाही.

दुसरी, दिशा. फळीच्या सपाट बाजूवर मोजताना दोन्ही पिना तंतूंच्या रेषेतच एकामागे एक याव्यात, बहुतेक मीटरचं गणित तसं बसवलेलं असतं. आडव्या टोचल्या तर आकडा थोडा कमी येतो, लाकूड ओलं असेल तेवढा जास्त फरक, १५ च्या खाली गेल्यावर नगण्य.

तिसरी, तापमान. गरम लाकूड जास्त ओलं दिसतं, थंड लाकूड जास्त कोरडं. मीटर साधारण २० अंशांना धरून बनवलेले असतात आणि ढोबळ हिशोब असा की दर १०-११ अंशांना एक टक्का इकडेतिकडे. म्हणजे कडाक्याच्या थंडीत शेडमधली फळी मोजून आनंदाने नाचू नका, ती आत आणून खोलीच्या तापमानाला येऊ द्या मग मोजा. स्वस्त मीटरमध्ये ही दुरुस्ती आपोआप होत नाही, काहींच्या खोक्यावर होते असं लिहिलेलं असतं, पण ती मीटरचं स्वतःचं तापमान बघते, लाकडाचं नाही.

चौथी, जात. पुष्कळ मीटरचं मूळ कॅलिब्रेशन डग्लस फर या सूचिपर्णी लाकडावर असतं आणि बाकी लाकडांसाठी ग्रुप किंवा तक्ता. चेरीचा ग्रुप कागदात सापडला तर लावा. नाही सापडला तरी जीव टाकू नका, पुढे सांगते तो उपाय यावर पण चालतो.

पाचवी, डिंक. चेरीच्या लाकडात गडद डिंकाचे खिसे आणि रेघा असतात, बागेतल्या झाडात तर जरा जास्तच, दर छाटणीची जखम म्हणजे आत एक डाग. त्या रेघेवर किंवा गाठीवर टोचलं की आकडा शेजारच्या स्वच्छ लाकडापेक्षा भलताच येतो. कुजायला लागलेला भाग किंवा जुना खिळा आत असेल तरी तेच. म्हणून एका ठिकाणी टोचून समाधान मानू नका, चार जागी टोचा आणि एखादा आकडा वेडा वाटला तर तिथलं लाकूड नीट बघा, काहीतरी सापडतंच.

आता तो उपाय. लाकूड वाळलं म्हणजे किती टक्के? याचं एकच उत्तर नसतं, कारण लाकूड भोवतालच्या हवेशी जुळवून घेतं. २० अंशांच्या आसपास हवेतली आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड ९ टक्क्यांजवळ थांबतं, ६५ असेल तर १२, ८० असेल तर १६. शेडमध्ये वजन उतरायचं थांबलं याचा अर्थ ते शेडच्या हवेशी जुळलं, तुमच्या खोलीच्या नाही. म्हणून शेवटचा टप्पा वस्तू जिथे राहणार त्या खोलीत. आणि मीटरचा सगळ्यात भारी उपयोग इथे आहे: त्याच खोलीत वर्षानुवर्षं असलेल्या एखाद्या लाकडी वस्तूच्या न दिसणाऱ्या बाजूला, टेबलाच्या खालून किंवा कपाटाच्या मागून, पिना टोचून आकडा बघा. समजा १० आला. मग तुमची चेरी आतल्या ताज्या कापावर १० दाखवायला लागली की ती तयार. मीटर मुळात एक-दीड टक्का खोटं बोलत असेल तरी दोन्हीकडे तितकंच खोटं बोलतो, त्यामुळे तुलना खरी राहते. ती जुनी वस्तू चेरीची किंवा निदान त्याच ग्रुपच्या लाकडाची असेल तर फारच छान. स्वस्त मीटर आणि महाग मीटर यातला फरक या एका युक्तीत जवळजवळ संपतो, म्हणून मी महागड्याच्या भानगडीत पडत नाही.

पिना नसलेला, पाठ टेकवून मोजणारा मीटर का नाही घेतला असं विचारणारे भेटतात. तो भोकं पाडत नाही हे खरं, मोठ्या रंधलेल्या फळ्यांवर भराभर फिरवायला छान पण आहे. पण त्याला पॅडएवढी सपाट जागा आणि पुरेशी जाडी लागते, लाकडाची घनता पण बरोबर सेट करावी लागते, आणि आपल्याकडे काय असतं तर वाकडे, सालीचे, गोलसर, गाठींचे तुकडे. पॅड आणि लाकडामध्ये हवा राहिली की आकडा चुकला. छोट्या झाडासाठी पिनाच बऱ्या.

लेथवाल्यांसाठी वेगळं. ओल्या लाकडाचाच बोल जाडसर कोरून, भिंत व्यासाच्या दहाव्या भागाएवढी ठेवून, कागदी पिशवीत वाळवत ठेवायचा आणि वाळून वाकडा झाला की परत लेथवर गोल करायचा, ही पद्धत चेरीला छान मानवते. यात मीटरचं काम जवळपास नाहीच, पिशवीवर तारीख आणि वजन लिहायचं, वजन थांबलं की झालं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवाल तर बुरशीची शेती होईल.

आता वस्तू म्हणून कसा आहे ते. पिना हा कमजोर भाग. वाळलेली चेरी चांगली कठीण असते, आणि मीटर हलवत हलवत टोचला किंवा तिरका ओढून काढला तर पिना वाकतात, एकीचं टोक मोडलं की दोन्हींमधलं अंतर आणि खोली बदलते आणि आकड्यांवर भरवसा राहत नाही. सरळ दाबा, सरळ ओढा, फारच कठीण वाटलं तर दोन बारीक खिळ्यांनी आधी खुणा करून घ्या. आटे असलेल्या, बदलता येणाऱ्या पिनांचा मीटर बघूनच घ्या आणि जास्तीची जोडी सोबत येते का विचारा, चिकटवलेल्या पिनांचा घेऊ नका. टोपणात दोन धातूचे ठिपके असतील तर ते नुसते शोभेचे नाहीत, पिना त्यांना टेकवल्या की ठराविक आकडा यायला हवा, नाही आला तर बॅटरी उतरलीय किंवा मीटर बिघडलाय. बॅटरी उतरताना काही मीटर कुठलीही सूचना न देता चुकीचे आकडे दाखवत बसतात, मोठा वैताग आहे हा, अर्धा स्टार त्याचाच कापलाय. आपोआप बंद व्हायची सोय सगळ्यात असते पण फार लवकर होतो, फळी उलटीपालटी करेपर्यंत स्क्रीन काळी. स्क्रीनचा दिवा नसेल तर शेडच्या कोपऱ्यात आकडा दिसत नाही, होल्ड दाबून उजेडात यायचं.

भोकांचं म्हणाल तर पडतातच, दोन-दोन, आणि चेरीसारख्या गुळगुळीत लाकडावर पॉलिश केल्यावर ती काळी टिकली होऊन दिसतात. त्यामुळे जो भाग कापून टाकायचाय तिथेच टोचायचं, आणि तयार वस्तूवर अजिबात नाही. वापरून झाल्यावर पिना पुसून ठेवा, ताज्या चेरीचा चीक आणि डिंक त्यावर बसला की पुढच्या वेळी कोरडं लाकूड पण ओलं दाखवतो, स्पिरिट लावलेला कापड फिरवला की जातं. टोपण लावूनच खिशात टाका, हे कशासाठी सांगतेय ते पिना एकदा बघितल्यात की कळेल.